चोविसावा की पंधरावा

"पहिला दिवस मोजायचा नाही गं. पत्र निघालं तो दिवस पत्राचा. माणसाचे दिवस दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात."

मोठ्या बाईंनी नोकरीच्या पहिल्या सकाळी मला हे सांगितलं, आणि माझं बोट धरून कॅलेंडरच्या एका चौकोनावरून पुढच्या चौकोनावर नेलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पण अजूनही मुदत मोजायला बसले की बोट आपोआप पहिला चौकोन ओलांडतं आणि त्यांचा घोगरा आवाज कानाशी येतो.

आमच्या कार्यालयात वेबसाइटच्या नावांची भांडणं येतात. कुणीतरी म्हणतं, हे नाव माझं, त्या माणसाने वाईट हेतूने आधीच घेऊन ठेवलंय, ते मला मिळवून द्या. मग आम्ही त्या माणसाला, म्हणजे सामनेवाल्याला, कळवतो. उत्तर द्यायला त्याला वीस दिवस मिळतात. उत्तर आलं की सगळी फाइल पंचांकडे जाते. ते दोन्ही बाजू वाचतात आणि नाव कुणाचं ते ठरवतात. उत्तर आलंच नाही, तर एकच बाजू वाचून ठरवतात. मी पंच नव्हे. मी दिवस मोजते. फाइलच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहायची असते, 'उत्तर मुदतीत' किंवा 'उत्तर मुदतीनंतर', आणि खाली सही. मुदतीनंतर आलेलं उत्तर वाचायचं की बाजूला ठेवायचं ते पंचांच्या मनावर. बहुतेक वेळा बाजूलाच राहतं.

त्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला कुरिअरने एक जाड पाकीट आलं. हल्ली उत्तरं ईमेलनेच येतात, म्हणून सगळ्यांनीच माना वर केल्या. पाकिटातून निघाले पाऊल ठेवून पेन्सिलने गिरवलेले कागद. तीसेक तरी असतील. लहान पावलं, मोठी पावलं, एक आत वळलेलं, एक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड. प्रत्येक कागदावर वर छापलेलं 'मऊ पाऊल', खाली वेबसाइटचं नाव, आणि शाईने घातलेली तारीख. सगळ्यात जुनी अकरा वर्षांपूर्वीची.

सामनेवाला बूट बनवणारा होता. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटांत मावत नाहीत त्यांच्यासाठी, विशेषतः मुलांसाठी, तो मापाचे बूट शिवत असे. तक्रार केली होती बुटांच्या एका मोठ्या कंपनीने. त्यांनी तीन वर्षांपूर्वी 'मऊ पाऊल' नावाची घरात घालायची चप्पल काढली होती आणि त्यांना हे नाव हवं होतं.

कागदांच्या वर एक पत्र होतं, आणि पत्राच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं होतं : 'पंधराव्या दिवशी सादर.'

मी कॅलेंडर पुढे ओढलं. सूचना तीन तारखेला गेली. तीन सोडायची. चारचा पहिला, तेवीसचा विसावा. सत्तावीस म्हणजे चोविसावा दिवस. पुन्हा मोजलं. चोविसावाच.

साहेब टेबलाशी आले. माणूस चांगला, पण कायम कुठेतरी निघालेला.

"ताई, चार दिवस उशीर आहे ना? मग लिहून टाका."

"त्यांनी पंधरावा लिहिलाय, साहेब."

"लोक काहीही लिहितात."

"उशीर झालेला माणूस सहसा दिवस लिहितच नाही. यांनी तर रेघ मारलीय खाली."

साहेब हसले. "तुम्हाला शंका आली की मला उशीर होतो. उद्या संध्याकाळपर्यंत फाइल पंचांकडे गेली पाहिजे."

खोटं बोलायचं असतं तर त्याने एकोणीस लिहिलं असतं, वीस लिहिलं असतं. पंधरा का? चोविसातून पंधरा गेले, राहिले नऊ. ते नऊ दिवस कुठे गेले, हा प्रश्न त्या दिवशी माझ्याबरोबर घरी आला.

घरी मी आणि मामंजी दोघंच जेवायला होतो. हे बाहेरगावी होते. मामंजींनी छत्तीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झाले तरी दारात कुणाची चाहूल लागली की त्यांचा हात खांद्याकडे जातो, नसलेली पिशवी सावरायला. मी त्यांना नाव-गाव न सांगता एवढंच म्हटलं, की एका पत्राचे नऊ दिवस हरवलेत.

"परत आलेली पाकिटं कुठे ठेवता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"आम्ही ईमेल पाठवतो, मामंजी. कागदी पत्र नुसतं बरोबर जातं, कळवण्यापुरतं. खरा मजकूर, तक्रार, जोडपत्रं, सगळं ईमेलमध्ये."

"ते असू दे. परत आलेलं कुठे जातं?"

"ईमेल परत येत नाही."

"येत नाही, की कुणी बघत नाही?" ते घास थांबवून म्हणाले. "सूनबाई, आमच्याकडे एक कपाट होतं. पत्ता चुकला, माणूस गेला, दार उघडलं नाही, सगळी पाकिटं त्यात. नवा मास्तर आला की पहिल्यांदा ते कपाट उघडायचा. गावाचं काय चाललंय ते त्यात कळायचं. तुमच्याकडे कपाट नसेल असं मला वाटत नाही. तुम्हाला किल्ली कुठाय ते माहीत नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ तारवाल्यांकडे गेले. ते आमचे संगणक सांभाळतात. गळ्यात नेहमी एखादी वायर असते, म्हणून हे नाव. माझा एक नेम आहे. सकाळी देवापाशी दिवा लागला की अकरापर्यंत बोलायचं नाही. कार्यालयात सगळ्यांना तो ठाऊक आहे, आणि माझी चिठ्ठी वाचायची सवयही आहे. मी लिहिलं : 'परत आलेल्या ईमेलचं कपाट कुठे आहे?'

तारवाल्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "कपाट? अहो ताई, एक पेटी आहे खरी. पण ती कुणी उघडत नाही."

मी नुसतं पाहत राहिले.

"तुमचं मौन फार बोलतं बुवा," म्हणत त्यांनी ती उघडली. चौदाशे बारा न वाचलेली पत्रं. त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि गळ्यातली वायर काढून टेबलावर ठेवली.

तीन तारखेचं सापडलं. आम्ही सामनेवाल्याला पाठवलेली सूचना, दोनशे बारा पानांच्या जोडपत्रांसकट, पाठवल्यावर दोन मिनिटांत परत आली होती. खाली कारण : हे नाव अस्तित्वात नाही.

'अस्तित्वात नाही कसं?' मी लिहिलं. 'त्याच नावावरून तर भांडण आहे.'

तारवाल्यांनी आणखी दोन-तीन ठिकाणी पाहिलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी सावकाश समजावलं. भांडण आलं की आम्ही नोंदणी कंपनीला, म्हणजे जिच्याकडून ते नाव घेतलेलं असतं तिला, सांगतो, नाव गोठवा. म्हणजे निकाल लागेपर्यंत ते विकता येऊ नये, दुसऱ्याच्या नावावर करता येऊ नये. वेबसाइट मात्र चालूच राहते. इथे नोंदणी कंपनीतल्या कुणीतरी भलतंच बटण दाबलं होतं. दोन तारखेला त्यांनी नाव नुसतं गोठवलं नाही, बंदच करून टाकलं. वेबसाइट बंद. आणि त्या नावावरचा ईमेल?

"तोही बंद," तारवाले म्हणाले. "सामनेवाल्याचा एकच ईमेल आपल्याकडे आहे, आणि तो त्याच नावावरचा."

म्हणजे आमच्याच सांगण्यावरून दाराला कुलूप लागलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हीच त्या दाराच्या फटीतून पत्र सरकवायला गेलो. पत्र आपटून परत आलं आणि चौदाशे बारांत जाऊन पडलं. आणि कॅलेंडरवर मी चारचा पहिला मोजला.

अकरा वाजले. मी सामनेवाल्याला फोन लावला. त्याआधी साहेबांना विचारलं, कारण आम्हाला कुणाला सल्ला देता येत नाही, नुसती माहिती विचारता येते, आणि जे विचारलं ते दोन्ही बाजूंना कळवावं लागतं.

पलीकडे आधी हातोडीचा आवाज, मग माणसाचा.

"बोला."

मी कुठून बोलते ते सांगितलं. हातोडी थांबली.

"अरे वा. तुमच्याकडे फोन आहे म्हणायचा," तो म्हणाला. "बाई, आधी एक सांगा. तुम्ही कंपनीच्या की माझ्या?"

"कुणाच्याच नाही. मी दिवस मोजते."

"मग बरोबर माणूस भेटला. मीही मोजूनच पाठवलंय. पंधरावा दिवस होता."

"कधीपासून मोजलंत?"

"बारा तारखेला पत्र हातात पडलं. तेराचा पहिला."

"बारा धरली नाहीत?"

"पट्टीने पाऊल मोजताना शून्य धरतं का कुणी?"

मोठ्या बाईंना हा माणूस आवडला असता. मी विचारलं, पत्र बारा तारखेपर्यंत कुठे होतं.

"न्हाव्याच्या ड्रॉवरमध्ये. कंगव्यांखाली. माझं दुकान आधी तिथे होतं, आता समोरच्या गल्लीत आहे. पत्ता बदलल्याचं मी वेबसाइटवर लिहिलं होतं हो, पण वेबसाइटच बंद पडली. मला वाटलं मेव्हण्याने काहीतरी बिघडवलं. त्यानेच करून दिली होती. दोन आठवडे बोललो नाही त्याच्याशी. माझी बायको माझ्याशी बोलत नाही, कारण भाऊ तिचा."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. "पत्रात लिहिलं होतं, मुदत सूचना निघाल्यापासून. सातव्या पानावर."

"सातव्या पानापर्यंत मी पोचलोच नाही, बाई. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की मी नाव बळकावलंय. ते पान मी चार दिवस वाचत होतो." मग आवाज खाली आला. "नावाचं मला काय हो, दुसरं ठेवता येतं. पण आया शोधतात ते याच नावाने. एका मुलाचा बूट दर सहा महिन्यांनी बदलावा लागतो, पाय वाढतो तसा. अशा चौघींचे निरोप त्या ईमेलवर यायचे. या महिन्यात एकही आला नाही. कुठे गेल्या त्या, तेही मला कळत नाही. आता तुम्ही म्हणणार, उत्तर उशिरा आलं, वाचणार नाही."

"वाचायचं की नाही ते पंच ठरवतात."

"पण उशिरा आलं असं तुम्ही लिहिणार."

मी विचारलं, "समजलं नव्हतं तर विचारायचंत. पत्रावर आमचा फोन आहे."

"केला की. तीनदा! सोळा तारखेला दोनदा, सतराला एकदा. एवढंच विचारायचं होतं, की वीस दिवस नेमके कधीपासून. नुसता वाजत राहिला. दुपारी माझ्याकडे मापाला मुलं येतात, मी सकाळीच करू शकतो. म्हटलं, यांच्याकडे उचलतच नसतील."

"सकाळी किती वाजता?"

"पावणेदहा, सव्वादहा. सतराला पुन्हा पावणेदहा."

माझा हात फोनवर तसाच राहिला. त्या आठवड्यात माझ्या शेजारची टायपिस्ट रजेवर होती. एरवी अकरापर्यंत माझा फोन ती उचलते. सोळा तारखेची ती रिंग मला आठवत होती. मी फोनकडे पाहिलं होतं. मनात म्हटलं होतं, गरज असेल तर अकरानंतर करतील. आणि आवाज कमी करून पुन्हा कॅलेंडरवर बोट ठेवलं होतं. शांत मनाने, अगदी समाधानाने!

"तो फोन माझ्या टेबलावर वाजला होता," मी म्हटलं. "मी उचलला नाही."

"कामात असाल."

"नव्हते."

तो म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत. मला वाटत होतं, मीच चुकीचा नंबर फिरवला."

माझा दुसरा नेम असा, की संध्याकाळी दिव्यापुढे दिवसातली एक चूक सांगायची. कधी चूक शोधावी लागते, कधी पुष्कळांतून एक निवडावी लागते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबण्यात काही अर्थ नव्हता. देवाला ती आधीच माहीत होती. माहीत नव्हती ती पंचांना.

एका ओळीच्या जागी मी एक पान लिहिलं. सूचना निघाल्यापासून मोजलं तर चोविसावा दिवस. हातात पडल्यापासून मोजलं तर पंधरावा. दोन तारखेला नाव बंद झालं, ते आमच्या विनंतीवरून आणि नोंदणी कंपनीच्या चुकीने. तीन तारखेचा ईमेल दोन मिनिटांत परत आला आणि आम्ही पाहिला नाही. जोडपत्रं सामनेवाल्याने आजपर्यंत पाहिलेलीच नाहीत. त्याने मुदतीतच, म्हणजे कसंही मोजलं तरी मुदतीतच, तीनदा फोन केला. शेवटची ओळ : 'ते फोन खाली सही करणारीच्या टेबलावर आले. तिने ते उचलले नाहीत. कारण वैयक्तिक होते.'

साहेबांनी उभ्या-उभ्या वाचायला सुरुवात केली आणि मध्येच खुर्चीत बसले.

"ईमेलचं ठीक आहे. लिहायलाच पाहिजे. पण हे शेवटचं कशाला? त्याने फोन केला एवढं पुरे. कुणी उचलला नाही हे कोण विचारतंय?"

"मोजणीत येतं ते, साहेब."

"ताई, तुमच्या नेमाबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही. उगाच कागदावर कशाला आणता?"

"नेम माझा आहे. दिवस त्यांचे गेले."

साहेबांनी पान पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाले, "कंपनीच्या वकिलांना हीच प्रत जाईल. फाडून खातील ते आपल्याला."

"आत्ताच पाठवते. दोघांना एकदमच."

वकिलांनी फाडून खाल्लं नाही. त्यांनी दोन ओळींत लिहिलं, की मुदत सर्वांना सारखीच असली पाहिजे, म्हणून उशिराचं उत्तर वाचू नये. पंचांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. तेही लहानच. मुदत सर्वांना सारखी असली पाहिजे हे त्यांना मान्य होतं, आणि म्हणूनच ज्याच्या हातात तक्रार पडलीच नाही त्याचे दिवस सुरू झाले असं त्यांना म्हणता येत नव्हतं. आलेलं उत्तर वाचलं जाईल. नोंदणी कंपनीने नाव आजच चालू करावं, फक्त गोठवलेलं ठेवावं. जोडपत्रं पाहून सामनेवाल्याला आणखी काही म्हणायचं असेल तर त्याला दहा दिवस. हे दहा दिवस जोडपत्रं प्रत्यक्ष त्याच्या हातात पडल्यापासून मोजायचे आणि पोच सहीनिशी फाइलला लावायची. त्यावर कंपनीलाही उत्तर द्यायला तेवढेच दिवस.

नाव शेवटी कुणाचं ठरेल ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. ते माझं कामही नव्हे. पण ती तीस पावलं पंचांच्या टेबलावर जाणार होती, एवढं नक्की झालं. मी दोन्ही बाजूंना कळवलं. सामनेवाल्याला फोनवरही कळवलं, सकाळी पावणेदहाला.

"बाई, इतक्या सकाळी तुमच्याकडे फोन लागतो?" तो म्हणाला.

"आता लागतो."

मी मौन पुढे ढकललं नव्हतं, मागे ओढलं होतं. पहाटे पाचला दिवा, साडेनऊपर्यंत मौन. कार्यालयाचं दार उघडलं की माझं तोंडही उघडतं. तास तेवढेच, फक्त ते आता माझ्या वाटणीचे होते. मामंजी म्हणाले होते, "बरं केलंस. देवाला वेळेचं काय असतं? फोनवाल्याला असतं."

"वेबसाइट चालू झालीय," बूटवाला सांगत होता. "तिघींचे निरोप आले. एकीचा अजून नाही. मेव्हण्याला जेवायला बोलावलंय. तो म्हणतो, आधी माफी, मग जेवण." मग त्याने विचारलं, "ते दोनशे बारा पानांचं कुरिअर पुन्हा न्हाव्याकडे गेलं तर? नवा पत्ता दिला तरी कुरिअरवाले जुन्याच दारात टाकतात. न्हावी आता सलून बंद करून आठ दिवस बहिणीकडे जाणार आहे."

"नाही जाणार," मी म्हटलं. "तुमच्याच हातात पडेल. मी बघते."

साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा लगेच मंजूर केली. नुसतं विचारलं, "किती लांब आहे?" दोन बस बदलून जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचला दिवा लावला. आठ वाजता पाकीट घेऊन दाराशी आले. मामंजी आधीच तिथे उभे होते. त्यांनी पाकीट हातात घेऊन तोललं, चारही कोपरे दाबून पाहिले आणि माझ्या पिशवीत पाठीच्या बाजूला उभं ठेवलं.

"आडवं ठेवलं की दुमडतं," ते म्हणाले. "आणि हे बघ, शेजारी कुणी म्हणालं ना, द्या, मी देतो त्याला, तर द्यायचं नाही. कितीही सज्जन असला तरी."

मी मान हलवली.

"पोच?"

मी पिशवीच्या कप्प्यातून पोचेचा कागद काढून दाखवला. साडेनऊच्या आत पोचले तर बोलता येणार नव्हतं, म्हणून त्याच्याबरोबर एक चिठ्ठीही लिहून ठेवली होती. मामंजींनी चष्मा वर करून ती वाचली : 'इथे सही करा, तारीख घाला. आजचा दिवस धरू नका. उद्याचा पहिला.'

त्यांनी चिठ्ठी घडी करून परत दिली. मी चपला घातल्या, पिशवी खांद्यावर नीट बसवली आणि जिना उतरू लागले.